नदाफ बाईंचा शनिवार

मी जळायचो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला वाटायला नको की हा पोरगा लई आदरानं बोलतोय. आदर नंतर आला. आधी नुसती जळजळ होती, उपाशीपोटी शेंगाचटणी खाल्ल्यासारखी.

नदाफ बाई आमच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायच्या. मी विज्ञान आणि गणित. त्या तेहतीस वर्षं पर्मनंट, मी तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये या म्हणतात आणि एप्रिलमध्ये नमस्कार करतात, तो प्रकार. शाळा सोलापुरात, चादरी-टॉवेलच्या कारखान्यांच्या भागात. खिडकी उघडली की मागच्या गल्लीतले माग सुरू, खटक खटक खटक. इथं शिकवायचं तर माणसाला आवाज पाहिजे. माझ्याकडं होता. एक नाही, पन्नास-साठ होते.

मोहोळला शाळेत होतो तेव्हापासून मी नकला करतो. एसटीचा कंडक्टर, कांद्याच्या लिलावातला अडत्या, लग्नात अक्षता टाकायच्या आधी माईकवर आहेर वाचणारा मामा, सगळे येतात. न्यूटनचा नियम मी लिलावात शिकवायचो. पोरं बाकावर लोळायची हसून. घंटा झाली की म्हणायची, सर लई भारी. आणि चाचणीत वीसपैकी चार पडायचे. लिलाव पाठ, न्यूटन गुल.

आणि बाईंचा आवाज केवढा? दुकानात साडीची किंमत विचारावी, शेजारचीला कळू नये, एवढा. पण नववी ब त्यांच्या तासाला पुढं वाकून बसायची. मागच्या बाकावरची टोळी, जी माझ्या तासाला जागची हलायची नाही, ती उठून पुढं येऊन तिघांत चौथा म्हणून बसायची. मी व्हरांड्यातून जायचो तर फक्त माग ऐकू यायचे, मधेच एखादं पोरगं बोलायचं, परत माग. बाई बोलतायत हे नुसतं ओठांवरून कळायचं. हीच नववी ब गप्प करायला मला पोलिसाची शिट्टी तोंडानं वाजवायला लागायची.

दिसायला काही नाही हो. लहानखुऱ्या, चष्मा दोरीनं गळ्यात, खडूला कागदाची सुरळी गुंडाळलेली. स्कूटीवर यायच्या तेव्हा पायापाशी नकाशाची गुंडाळी उभी असायची. लांबून वाटायचं, बाई पुढं कुणाला तरी उभं करून आणतायत. डबा खाताना दुसऱ्याच्या डब्यातला एक घास मागून घ्यायच्या आणि विचारायच्या, "हे करायला कुणी शिकवलं तुम्हाला?" झालं. मग त्या भाजीतून एक सासू निघायची, सासूतून एक गाव, गावातून एक दुष्काळ. डबा संपायचा, गोष्ट राहायची. पालकसभेला तर बघण्यासारखं असायचं. मागावरच्या बायकांशी तेलुगूत, अक्कलकोटकडच्या पालकांशी कानडीत, रिक्षावाल्यांशी दखनीत, आणि आमच्याशी मराठीत. मला चार भाषांचे हेल येतात. बाईंना चार भाषा यायच्या. जळू नको तर काय करू?

स्टाफरूममध्ये त्यांना लोक जरा भ्यायचे, त्याला कारण एक प्रश्न. कुणी काही रंगवून सांगायला लागलं, की अमक्या शाळेत अमक्या सरांनी असं केलं, तर बाई पोळीचा तुकडा मोडत अगदी मायेनं विचारायच्या, "तुम्ही तिथं होतात का?" समोरचा म्हणायचा, नाही, पण मला खात्रीनं कळलंय. बाई म्हणायच्या, "कुणाकडून?" तीन प्रश्नांत गोष्टीतली हवा जायची. माझ्या पहिल्याच आठवड्यात माझी एक गेली. हेडसर सायकलवरून पडले ती गोष्ट मी आवाजासकट सांगत होतो, सायकलच्या घंटीपर्यंत आलो होतो, स्टाफ हसून लाल झालेला. बाईंनी विचारलं. मी तिथं नव्हतो. हेडसर सायकल चालवत नाहीत हे पण तेव्हाच कळलं.

हा प्रश्न त्यांचा धंदाच होता म्हणा की. शनिवारी सकाळची शाळा असते. शेवटचा तास नववी ब ला बाईंचा. त्या तासाला पुस्तक अर्ध्या वेळानं उघडायचं. आधी फळ्यावर उभी रेघ मारायची. डावीकडं लिहायचं 'पाहिलं', उजवीकडं 'ऐकलं'. मग त्या आठवड्यात शाळेत घडलेली एक गोष्ट घ्यायची. म्हणजे नळावर दोघांची मारामारी झाली, पहिला हात कुणी उचलला? पोरं साक्ष द्यायला उठायची आणि आपलं नाव त्यातल्या एका बाजूला लिहायची. बाकीची प्रश्न विचारायची. एकदा मार खाल्लेल्या पोराचा जिगरी दोस्त छाती पुढं काढून सांगत होता, त्यानंच पहिलं ढकललं, मी बघितलं. एका मुलीनं विचारलं, तू रांगेत कुठं होतास? तो म्हणाला, टाकीच्या मागं. टाकीच्या मागून नळ दिसतो का? वर्ग उठून टाकीपाशी गेला, बघून आला. दिसत नाही. पोरानं स्वतः डावीकडचं आपलं नाव पुसलं आणि उजवीकडं लिहिलं. कुणी हसलं नाही. मग बाईंनी पुस्तक उघडलं आणि लढाईचा धडा काढला. हे ज्यानं लिहून ठेवलं तो तिथं होता का? कुणाच्या पदरी होता? हरलेल्यांनी लिहिलेलं काही आहे का? टाकीमागचा दोस्त लगेच म्हणाला, बाई, हा पण दोस्तच असणार राजाचा.

मी हे खिडकीतून बघितलं, म्हणून डावीकडं लिहा.

सहल निघाली उजनीच्या पाण्याकडं, तिथं तर माझी हवा पुरती गेली. मी तयारी करून गेलो होतो. धरण म्हणजे काय, साठलेली ऊर्जा. होडीत उभा राहून मी मोटारपंपाचा आवाज काढला, बगळ्याचा काढला, पाणी टर्बाइनवर पडतं तो काढला. पोरं खूश. बाई होडीच्या टोकाला बसलेल्या, होडीवाल्याशेजारी. तो साठी उलटलेला माणूस, मासेमारी करणारा. माझं संपल्यावर बाईंनी त्याला विचारलं, "काका, आत्ता आपण कुणाच्या दारात आहोत?"

त्यानं मोटार बंद केली. मला वाटलं डिझेल संपलं. त्यानं काठाकडं बघितलं, लांबच्या टेकडीकडं बघितलं, बोटानं काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "जरा फुडं हाय आपलं. ह्ये माज्या चुलत्याचं दार. हितं कडूलिंब व्हता. तितं त्यो बगळा बसलाय न्हवं का, तितं चावडी."

पाऊण तास होडी तिथंच. तो माणूस पाण्याकडं बोट करून एकेक घर सांगत गेला, कुणाच्या दाराला पायरी होती, कुणाची विहीर गोडी होती. पोरं वहीत पाण्याखालच्या गावातली आळी काढत होती. एकानं विचारलं, दोन घरांच्या मधे बोळ होता का, तर तो म्हणाला व्हय की, आन त्यात लई चिखुल. पोरानं चिखल पण काढला. परत येताना बसमध्ये मी विचारलं, सांगा धरणात कुठली ऊर्जा साठवलेली असते? आंबिका गड्डम म्हणून एक मुलगी होती, हुशार, रोज सकाळी परिपाठाला माईकवर तीच असायची. तिनं वहीतून मान वर न काढता उत्तर दिलं, स्थितिज, सर. आणि परत चावडी रंगवायला लागली. उत्तर बरोबर होतं. त्यामुळं तर जास्तच लागलं.

तर असं चाललेलं असताना संस्थेच्या सचिवांनी मीटिंग घेतली. म्हणाले, इतिहास-भूगोल पोरं गाईड वाचून काढतात की. नववीपासून पुढच्या परीक्षांची तयारी पाहिजे. शनिवारचा तो शेवटचा तास विज्ञानाला द्या. हेडसरांनी एकेकाला मत विचारलं. माझ्यावर आल्यावर मी टीव्हीवर बातम्या देणाऱ्याचा गंभीर आवाज लावला आणि म्हणलं, शेवटी पोरांच्या भविष्याचा प्रश्न आहे. दोघा-तिघांनी माना डोलावल्या.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एक शनिवार येऊन बसा वर्गात. ह्या पोरांना उद्या रोज मोबाईलवर काहीतरी येणार आहे, अमका असं म्हणाला, तमक्यानं तसं केलं. ते कुठल्या बाजूला लिहायचं हे शिकवायला दुसरा तास आहे का आपल्याकडं? असला तर हा देऊन टाका." सचिव म्हणाले, येतो, न सांगता येतो.

खरं सांगू? मला तो तास विज्ञानासाठी नको होता. परीक्षेची तयारी गेली खड्ड्यात. मला ती चाळीस पोरं तशी वाकलेली पाहिजे होती. माझ्याकडं.

मग मी काय केलं ते ऐका. डिसेंबरातला शनिवार. ऑफिसमध्ये माईकचं खोकं असतं, त्याला प्रत्येक वर्गाचं वेगळं बटन. हेडसर मैदानावर, स्पोर्ट्ससाठी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून घेत होते. क्लार्क चहाला. मी हजेरीपट ठेवायला आत गेलो आणि बघितलं तर कुणीच नाही. हेडसरांची नक्कल माझी सगळ्यात गाजलेली. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती, त्यामुळं प्रत्येक स आणि श ला बारीक शिट्टी वाजायची. स्टाफरूममध्ये मी नुसतं 'सूचना' म्हणलं की लोकांच्या नाकातनं चहा यायचा. पोरांसमोर मात्र हेडसर कधी केले नव्हते. तेवढी अक्कल होती.

नववी ब चं बटन दाबलं. "सूचना. शनिवारचा शेवटचा तास आजपासून विज्ञानाचे सर घेतील. समाजशास्त्राच्या बाईंनी स्टाफरूममध्ये बसून चाचणीचे पेपर संपवावेत. सूचना समाप्त." किती शिट्ट्या बसवल्या बघा. चार ओळींत डझनभर. आपण कलाकार माणूस.

मी पायऱ्या चढून वर गेलो तर बाई वर्गाच्या दारात उभ्या. फळ्यावर रेघ मारलेली होती. त्यांनी सुरळीवाला खडू माझ्या हातात दिला, म्हणाल्या, "घ्या सर," आणि जिन्यानं खाली गेल्या. मी आत गेलो. पोरं सरळ बसलेली. वाकलेलं एक पण नाही. मी कंडक्टर केला, अडत्या केला, दोन-तीन जण हसले. बाकीची रेघेकडं बघत होती.

आणि अकराला सचिव आले. न सांगता येतो म्हणाले होते, ते आले. बघतात तर वर्गात विज्ञान. बरंच वाटलं त्यांना. खाली स्टाफरूममध्ये गेले तर बाई पेपर तपासत बसलेल्या. तुमचा तास सोडून तुम्ही इथं कशा? बाई म्हणाल्या, हेडसरांची सूचना आली स्पीकरवर. हेडसर मैदानावरून आले, हाताला फक्की, म्हणाले, मी कुठलीच सूचना दिलेली नाही. मग हेडसरांनी मला बोलावून विचारलं, तुम्ही वर्गावर कसे गेलात? मी म्हणलं, बाईंनीच खडू हातात दिला सर.

हे खोटं नव्हतं. म्हणून तर लई वाईट होतं.

सोमवारी बाईंना कागद मिळाला. तासाला गैरहजर राहिल्याबद्दल आणि मुख्याध्यापकांच्या नावानं खोटं सांगितल्याबद्दल आठ दिवसांत खुलासा द्यावा. तेहतीस वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकात एक शेरा नव्हता, आणि मेमध्ये रिटायर व्हायच्या होत्या. स्टाफरूममध्ये त्या दिवशी चारपाच जणांनी माझ्याकडं बघितलं आणि परत आपापल्या डब्यात बघायला लागले. मी पण माझ्या डब्यात बघितलं. बाईंनी शेजारच्या सरांच्या डब्यातला एक घास मागून घेतला आणि विचारलं, ह्यात तीळ घालायला कुणी सांगितलं?

हेडसर मला म्हणाले, येत्या शनिवारी बाईंच्या तासाला मागं जाऊन बसा, त्यांचं कुठपर्यंत झालंय बघून घ्या, पुढच्या शनिवारपासून तास तुमचा. म्हणजे मला पाहिजे ते मिळालं होतं. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. गुडघे बाकाला लागत होते.

बाईंनी रेघ मारली. डावीकडं पाहिलं, उजवीकडं ऐकलं. विचारलं, आज काय घ्यायचं? अर्ध्या वर्गाचे हात वर. मागच्या शनिवारची सूचना.

बाई म्हणाल्या, ही गोष्ट माझीच आहे, मी तिथं उभी राहून चालणार नाही. मग त्यांनी खडू आंबिकाच्या हातात दिला आणि चालत मागं आल्या. मी सरकलो. त्या माझ्या शेजारी बसल्या, पर्समधून एक वही काढली, चष्मा लावला आणि पोरांसारखी तारीख टाकली.

पोरांनी साक्षी सुरू केल्या. आवाज कुणाचा होता? हेडसरांचा. किती जणांनी ऐकला? चाळीसच्या चाळीस. शिट्टी ऐकली का? ऐकली. टाकीमागचा दोस्त उभा राहिला, म्हणाला, मग सरळ आहे की, हेडसर खोटं बोलतायत, लिही गं फळ्यावर. वर्ग ओरडला, लिही लिही. मी मनात म्हणलं, लिही पोरी, आणि वाचव मला.

आंबिकानं खडू टेकवला. टेकवलेला उचलला. मग फळ्याकडं तोंड करूनच म्हणाली, "तो आवाज दिवाळीच्या आधीचा होता."

कुणाला कळलं नाही. मला पण नाही. तिनं सांगितलं, "हेडसर रोज परिपाठाला माझ्याशेजारी उभे असतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी दात बसवले. त्यानंतर शिट्टी वाजत नाही. कुणी पण आठवून बघा."

वर्ग आठवायला लागला. मी पण. आणि मला काही आठवेना. दिवाळीनंतर दीड महिना हेडसर रोज माईकवर बोलत होते, आणि मी एकदा पण ऐकलं नव्हतं. ऐकायची गरजच काय, मला ते पाठ होते की. स्टाफ पण जुन्याच शिट्टीला हसत होता. एवढ्या लोकांत त्या माणसाचे दात बदललेले बघितले ते एका पोरीनं, आणि सांगितलं पण अशा वेळी, जेव्हा तिच्या बाईंना वाचवायला हेडसर खोटे ठरणं सोयीचं होतं.

मग एकजण हळू म्हणाला, म्हणजे कुणीतरी जुने हेडसर केले. माग ऐकू यायला लागले. पहिल्या बाकापासून एकेक मान मागं वळायला लागली, म्हणजे अगदी पूर्ण नाही, अर्धी.

बाईंनी हात वर केला. पोरं करतात तसा, कोपर बाकावर टेकून. आंबिका म्हणाली, बोला बाई.

"आंबिका, बोलताना तू कुणाला पाहिलंस?"

"नाही."

"वर्गात कुणी पाहिलं?"

कुणीच नाही.

"मग नाव लिहायचं नाही. जेवढं कळलं तेवढं लिही."

तिनं लिहिलं. आवाज चाळीस जणांनी ऐकला. आवाज हेडसरांचा नाही. दिवाळीच्या आधीच्या हेडसरांसारखा आहे. कुणाचा, माहीत नाही. आणि डावीकडं, 'पाहिलं' च्या खाली, काहीच नाही. बाईंनी हे चारही मुद्दे वहीत उतरवून घेतले. माझ्या कोपराला त्यांचं कोपर लागत होतं. त्यांनी एकदा पण माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटतं, बघितलं असतं तर मी काहीतरी आवाज काढून वेळ मारून नेली असती.

घंटा झाली. पोरं गेली. बाई उठल्या, म्हणाल्या, "फळा राहू द्या सर. हेडसरांना वाचायला बोलावलंय मी." आणि गेल्या.

मी आणि फळा. डस्टर खुर्चीवर पडलेलं. दोन हात मारले असते तर संपलं असतं. मी उचललं पण होतं. पण ती डावी बाजू अशी मोकळी दिसत होती ना. चाळीस पोरांनी जागा मोकळी ठेवली होती, कुणीच तिथं खोटं भरलं नव्हतं, टाकीमागच्या दोस्तानं पण नाही. मी डस्टर ठेवलं आणि तिथं लिहिलं, माईकवर मी बोललो, नववी ब चं बटन मी दाबलं. खाली सही केली. माझं अक्षर घाण आहे, ते त्या दिवशी अजून घाण आलं.

हेडसर आले. वाचलं. चिडतील म्हणून मी तयार होतो. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "करून दाखवा." मी म्हणलं, सर नको. म्हणाले, "नाही, करा." मी केली. सूचना, शनिवारचा शेवटचा तास, सगळं. माझ्या आयुष्यातला एकच प्रयोग, ज्याला कुणी हसलं नाही. हेडसर जिभेनं पुढचे नवीन दात चाचपत होते. मग म्हणाले, "असं वाजायचं? एवढी वर्षं? आणि एकानं सांगितलं नाही मला." मला वाटलं, आता हा माणूस रडणार. पण त्यांनी उठून दुसरा कागद तयार केला, ह्या वेळी माझ्या नावाचा.

बाईंचा कागद मागं घेतला. सचिव पुढच्या महिन्यात एका शनिवारी येऊन पूर्ण तास बसले, मधे त्यांनीच हात वर करून एक प्रश्न विचारला असं ऐकलं. मी तिथं नव्हतो. तास बाईंकडंच राहिला, मेपर्यंत. माझं काय झालं ते ओळखा. एप्रिलमध्ये नमस्कार.

पण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसत होतो. मी वाट बघत होतो की बाई मला विचारतील. का केलंत, एवढंच. जगाला विचारत होत्या हो. पाणी आणून देणाऱ्या मावशींना विचारायच्या की हंडा डाव्या कमरेवरच का. माझ्या आईच्या आमटीबद्दल पण विचारलं, चिंच कुठली, आमसूल का नाही. मी सगळं सांगितलं. पण ते नाही विचारलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, तीन वेगवेगळ्या आवाजांत. एक विनोदी, एक पश्चात्तापाचा, एक आपला साधा. साधा तर मी रोज घरी प्रॅक्टिस करायचो, तोच जमत नव्हता.

आता मी मोहोळला क्लास घेतो, विज्ञानाचाच. लिलाव बंद केलाय. जवळजवळ.

मागच्या महिन्यात पुस्तकं घ्यायला सोलापूरला गेलो होतो. काम झालं, एसटीला वेळ होता म्हणून मंडईवरून निघालो, तर कोपऱ्यावर बाई. हातात मेथीची जुडी, समोर भाजीवाली, पोत्यावर मांडी घालून बसलेली. मी रस्त्याच्या ह्या बाजूला थांबलो. म्हणलं, जुडी घेतली की जाऊन बोलतो. जुडी घेऊन झाली. पिशवीत पण गेली. तरी बाई हलेनात. भाजीवाली काहीतरी सांगत होती, हात हलवून, पदर सावरून, मधेच पाण्याचा हबका भाजीवर मारून परत सांगत होती. बाई पुढं वाकलेल्या. दहा मिनिटं झाली. वीस झाली. गिऱ्हाइकं येऊन गेली, एकानं तर कोथिंबीर स्वतःच्या हातानं घेतली, सुट्टे टाकले आणि गेला. आणि मी, तिशीला आलेला माणूस, एका रिक्षाच्या मागं उभा राहून एका भाजीवालीवर जळत होतो. काय सांगत असेल एवढं? काय मोठं झालं असेल हिच्या आयुष्यात, जे माझ्या झालं नाही?

शेवटी मी रस्ता ओलांडला. बाईंनी मला बघितलं. चष्म्यावरून, ओळखून. हसल्या पण. आणि भाजीवालीचं वाक्य तुटू नये म्हणून काही न बोलता तळहात माझ्याकडं केला, थांबा, तुमचं पण ऐकायचंय, असा. मग परत तिच्याकडं वळल्या.

मी थांबलो. कोबीच्या ढिगाशेजारी, नंबर लावल्यासारखा. घड्याळात बघितलं तर मोहोळच्या एसटीला पाच मिनिटं होती. मग चार. मग नव्हती. भाजीवालीचं अजून तिच्या थोरल्या जावेपर्यंतच आलं होतं.